‘करणे’ काढलं की इंग्रजी क्रियापद उरतं का?

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत दिवसभर असं मराठी कानावर पडतं: ‘बॅकअप केलास का?’, ‘आधी लॉगिन कर’, ‘व्हेंडरकडे फॉलोअप केला.’ मराठीत इंग्रजी नामाला ‘करणे’ जोडलं की काम भागतं, आणि त्यात चूक काहीच नाही. अडतं ते तेच इंग्रजी मेलमध्ये लिहिताना. ‘करणे’ गळून पडतं, नुसतं नाम उरतं आणि आपण त्यालाच क्रियापद समजून चालवतो. ‘आय बॅकअप्ड द फाइल्स’ हे वाक्य असंच तयार होतं.

मेल पाठवण्याआधी त्या शब्दाचा भूतकाळ करून पाहा. ‘लॉगिन्ड’ होत नाही, ‘लॉग्ड इन’ होतं. म्हणजे क्रियापद नुसतं ‘लॉग’ आहे आणि ‘इन’ वेगळा शब्द आहे. म्हणून ‘लॉगिन पेज’ जोडून लिहायचं, पण ‘प्लीज लॉग इन’ तोडून. तसंच ‘बॅक्ड अप’, ‘फॉलोड अप’. ‘सेट अप’चा भूतकाळ ‘सेट अप’च राहतो, त्यामुळे तिथे ‘सेटिंग अप’ करून तपासा. बोलतानाही फरक ऐकू येतो: नामात जोर पहिल्या भागावर असतो, क्रियापदात ‘इन’ किंवा ‘अप’वर.

कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं. ‘बॅक अप द फाइल्स’ चालतं, ‘बॅक द फाइल्स अप’ही चालतं, पण ‘बॅक अप देम’ चुकीचं, ‘बॅक देम अप’ हवं. ‘फॉलो अप विथ’ असं वापरताना मात्र मधे कर्म घालता येत नाही: ‘फॉलो अप विथ द व्हेंडर’.

दुसरी चूक जास्त चिवट आहे, कारण तिथे नाम आणि क्रियापद दिसायला एकच असतात. ‘वाशीच्या ऑफिसला भेट दिली’ यातला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन उतरतो आणि ‘व्हिजिटेड टू द वाशी ऑफिस’ लिहिलं जातं. ‘व्हिजिट’ नाम असेल तेव्हाच ‘टू’ लागतो: ‘माय व्हिजिट टू वाशी’. क्रियापद झालं की ते कर्म थेट घेतं: ‘आय व्हिजिटेड द वाशी ऑफिस’. ‘ऑर्डर’चंही तेच. ‘अॅन ऑर्डर फॉर टेन चेअर्स’ बरोबर, पण ‘वी ऑर्डर्ड टेन चेअर्स’ यात ‘फॉर’ नको. ‘डिस्कशन’ आणि ‘डिस्कस’ दिसायला वेगळे, तरी चूक तीच होते: ‘डिस्कशन अबाउट द बजेट’ म्हणा, पण ‘डिस्कस द बजेट’. ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं त्यामागे आपलं ‘विषयी’ आहे.

‘अॅडव्हाइस’ आणि ‘अॅडव्हाइज’ यांची गोष्ट छोटी आहे: नामात ‘सी’ आणि उच्चार ‘स’, क्रियापदात ‘एस’ आणि उच्चार ‘झ’. ‘अॅडव्हाइसेस’ असं अनेकवचन होत नाही. सल्ले कितीही असले तरी ‘सम अॅडव्हाइस’.

एवढं वाचून सगळी शब्दयोगी अव्ययं उडवत सुटू नका. ‘अप्लाय फॉर लीव्ह’, ‘रिप्लाय टू द मेल’, ‘वेट फॉर द कॅब’ या क्रियापदांना ती हवीच असतात. शंका आली की शब्दकोशात त्या शब्दाची क्रियापदाची नोंद काढा, नामाची नव्हे, आणि तिथलं उदाहरण बघा. क्रियापदानंतर लगेच कर्म आलं असेल तर ते सकर्मक, म्हणजे मधे काही घालू नका. मधे ‘फॉर’ किंवा ‘टू’ असेल तर तोही क्रियापदासोबतच पाठ करा.