एमएस्सी कुठे करायची? माझं एक वाया गेलेलं वर्ष आणि कोल्हापूर

बीएस्सी बॉटनी झाल्यावर माझ्या हातात दोन प्रवेश होते. एक महानगरातल्या नामांकित विद्यापीठाचा, दुसरा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. साताऱ्यात आमच्या घरी त्यावर फारशी चर्चाच झाली नाही. काका म्हणाले, "तिथं नंबर लागलाय आणि तू कोल्हापूरला जाणार?" आण्णांनी त्याच संध्याकाळी फीची जमवाजमव सुरू केली. ते नाव चारचौघांत सांगताना मलाही बरं वाटत होतं.

खरं तर मला काय शिकायचंय हे मला केव्हाच माहीत होतं. कास पठार आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. पावसाळ्यात आण्णांच्या गाडीवर मागे बसून जायचे. तिथं साचलेल्या पाण्यात वायतुरा येतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, म्हणून वायतुरा. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. आपल्या साताऱ्याचं नाव एका वनस्पतीला दिलंय हे कॉलेजात मॅडमनी सांगितलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. वनस्पती ओळखायची, तिचं वर्णन करायचं, तिची जागा ठरवायची, म्हणजे टॅक्सॉनॉमी. मला तेच हवं होतं.

त्या नामांकित विभागात सगळा भर मॉलिक्युलर, म्हणजे डीएनएसारख्या रेणूंच्या, कामावर होता. शिक्षक उत्तम होते, प्रयोगशाळा मी तोवर पाहिली नव्हती इतकी सुसज्ज होती. पण टॅक्सॉनॉमीचा पेपर ऐच्छिक, आणि त्या वर्षी तो घेणारं कुणी नव्हतं. फील्डवर जायचं म्हणजे वर्षातून एक सहल. जून ते ऑक्टोबर, ज्या दिवसांत पठार फुलतं, तेव्हा मी एसीत बसून जेल रन करत होते, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करून बघत होते. त्यात वाईट काहीच नाही, फक्त ते माझं काम नव्हतं. नोव्हेंबरात मी परत आले.

इथं पैशांचं सांगते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के फी परत मिळते, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. पुढे काही वर्षी युजीसीने याहून सवलतीच्या तारखा दिल्या, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघाच. मला एक रुपयाही परत मिळाला नाही. आण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच मला जड गेलं.

पुढच्या वर्षी कोल्हापूर. १९८२ साली ज्या तिघांनी वायतुऱ्याची शास्त्रीय नोंद केली, त्यांच्यातले डॉ. एस. आर. यादव याच विभागात वर्षानुवर्षं शिकवत होते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. इतक्या जवळची एवढी मोठी गोष्ट मला माहीत नव्हती! विभागाच्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, दुर्मीळ जाती जपल्या आहेत. पहिल्याच पावसात सिनियर मुलींबरोबर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गेले, गुडघाभर गवतात ओणवं होऊन एकेक रोप बघितलं, संध्याकाळी नमुने कागदात दाबून ठेवले. हात चिखलाने भरले होते आणि मी हॉस्टेलवर गाणं म्हणत आले.

आता ज्युनियर मुलं विचारतात, तेव्हा मी आधी रँकिंगचाच कागद समोर ठेवते. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारचं रँकिंग, विद्यापीठांना गुण देतं ते असे: शिकवणं आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३०, विद्यार्थ्यांची निष्पत्ती (निकाल आणि पुढची वाटचाल) २०, सर्वसमावेशकता १०, लोकमत १०. हे सगळ्या विद्यापीठाचे गुण. तुमच्या विभागात तुमच्या विषयाचा माणूस आहे की नाही, हे त्यात कुठंही दिसत नाही. ते आपणच शोधायचं. विभागात जाऊन चालू सेमिस्टरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. माहितीपत्रकातले ऐच्छिक पेपर आणि प्रत्यक्षात चालणारे पेपर यांत फरक असतो, तो तिथंच कळतो. मागच्या तीन वर्षांतल्या प्रोजेक्टची शीर्षकं मागून घ्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी हॉस्टेलवर बोला, शक्यतो शिक्षक समोर नसताना. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून बाहेर जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज वेळेत करा.

नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. कॅम्पसवर कंपन्या येतात त्या अभ्यासक्रमांना नाव उपयोगी पडतंच. माझ्या मामेभावाने इंजिनिअरिंगला पुण्याच्या सीओईपीसाठी सांगलीचं वालचंद कॉलेज सोडलं, तो त्याच्या जागी बरोबर होता. पण एमएस्सीला, आणि पुढं पीएचडी करायची असेल तर नक्कीच, दोन वर्षं कुणाच्या हाताखाली काढणार हा प्रश्न मी पहिला ठेवते.

गेल्या जूनमध्ये कोरेगावची एक मुलगी असंच विचारायला घरी आली होती. तिला मी दोन्हीकडची वेळापत्रकं आणायला लावली. ती समोर ठेवून आम्ही दोघी तासभर बसलो. तिला टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून रोपं वाढवण्याचं काम, करायचं होतं आणि पुण्यातल्या विभागात त्याचे तास रोज होते. तिनं पुणं निवडलं. परवा तिचा फोन आला होता. मेसच्या जेवणाबद्दल कुरकुर करत होती, प्रयोगशाळेबद्दल मात्र अर्धा तास बोलली.