गावात रॉक अल्बम ध्वनिमुद्रित करताना या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडला पूर्ण अल्बम करायचा असेल, तर ड्रम आणि मिक्सिंग नागपूरच्या स्टुडिओत आणि गिटार, बास, गायन गावातल्याच खोलीत, ही विभागणी खिशाला परवडते. मात्र गावात मुद्रणात शिरलेला दोष पुढे मिक्सिंगमध्ये क्वचितच निघतो, त्यामुळे तो जिथे निर्माण होतो तिथेच शोधावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तासाचे भाडे भरून स्टुडिओत गाणी बसवत राहणे. निर्वाणा या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम १९८९ साली आला आणि त्याचे ध्वनिमुद्रण ६०६ डॉलर १७ सेंटांत झाले. तालमीत गाणी पक्की नसतील, तर असल्या हिशेबाचा विचारही करू नये. ड्रमरने किमान काही आठवडे आधीपासून क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, सराव करावा. ध्रुवपद स्वाभाविकपणे थोडे जलद होत असेल, तर ड्रमरला दामटून मागे खेचण्यापेक्षा त्या भागात क्लिकच मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी वाढवावी.

गावातल्या मुद्रणाची खरी डोकेदुखी म्हणजे हम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ही घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर ठळक ऐकू येते. प्रथम अ‍ॅम्पमधून गिटारची केबल काढावी. हम थांबली, तर दोष गिटार किंवा केबलमध्ये आहे; न थांबल्यास तो अ‍ॅम्प किंवा वीजजोडणीत आहे. केबल लावून गिटार हातात धरून जागच्या जागी फिरावे. एखाद्या दिशेला आवाज कमी होत असेल, तर गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा ट्यूबलाइटच्या चोकची हम ओढून घेत आहे, आणि त्याच दिशेला बसून वाजवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज गेला, तर टेक बॅटरीवर घ्यावेत. खरखर वीज गेल्यानंतरच सुरू होत असेल, तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर संशय घ्यावा. मुद्रणासाठी साइन वेव्हचाच हवा.

हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात भेटतात. हम कदाचित जाईल, पण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाल्यास गिटारच्या तारांत वीज उतरते आणि गायकाचे ओठ मायक्रोफोनला लागले की जीव जाऊ शकतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे आणि जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. संध्याकाळी किंवा कृषिपंप सुरू होण्याच्या वेळी व्होल्टेज पडत असेल, तर ती वेळ टाळावी.

दुसरा दोष खोलीचा. टिनाचे छप्पर आणि समोरासमोर उघड्या भिंती असलेल्या खोलीत एक टाळी वाजवावी. मागून धातूसारखी झर्र अशी शेपटी ऐकू आली, तर तीच शेपटी प्रत्येक शब्दाला चिकटणार. यावर अंड्यांचे ट्रे ठोकणे व्यर्थ आहे. भिंतींवर गाद्या टांगल्याने उच्च स्वर शोषले जातात, पण पातळ गादी बासला अडवत नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते, त्यामुळे कोपऱ्यांत जाड गाद्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभ्या कराव्यात. दिवाळीनंतर ज्या घरांत वेचलेला कापूस एका खोलीत भरून ठेवलेला असतो, ती खोली आवाजाच्या दृष्टीने उत्तम असते. मात्र तिथे तापणारा अ‍ॅम्प नेऊ नये, आत फक्त मायक्रोफोन ठेवावा आणि उघडी वायर अजिबात नको. गायन मे महिन्यावर ढकलणेही टाळावे: कूलर चालू ठेवला तर तो टेकमध्ये येतो आणि बंद केला तर गायक टिकत नाही.

ड्रमचा आवाज वर टांगलेले दोन्ही ओव्हरहेड मायक्रोफोन एकत्र ऐकताना पोकळ वाटतो, पण एकेक ऐकल्यावर भरीव वाटतो, तेव्हा दोष फेजचा असतो, म्हणजे दोन मायक्रोफोनमधल्या ध्वनिलहरी एकमेकींना मारतात. स्नेअर या ड्रमच्या मध्यापासून दोन्ही मायक्रोफोनपर्यंतचे अंतर सुतळीने मोजून सारखे करावे. स्नेअरच्या खालच्या मायक्रोफोनची पोलॅरिटी (लहरीची धन-ऋण बाजू) उलटी करून पाहावी आणि ज्या स्थितीत तळ भरीव वाटेल ती ठेवावी.

गिटारवर स्टेजवरचाच डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम दिलेला खरखरीतपणा) ठेवून चार-चार थर मुद्रित केल्यास आवाजाची भिंत तयार होत नाही, चिखल होतो. थर वाढतील तसा गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, उतरवावा. ट्यूनिंग प्रत्येक टेकपूर्वी तपासावे, कारण डिस्टॉर्शनमध्ये किंचित बेसूर तारही ठळक होते.

फाइल पाठवतानाची एक चूक वारंवार होते. गावात ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित केलेली फाइल स्टुडिओत ४४.१ ची समजून उघडली, तर गाणे संथ होते आणि सुमारे दीड सेमीटोन खाली उतरते. म्हणून हा किलोहर्ट्झचा आकडा, म्हणजे सॅम्पल रेट, आधीच ठरवावा, २४ बिट निवडावे आणि सर्व ट्रॅक एकाच शून्य बिंदूपासून एक्स्पोर्ट करावेत. मुद्रणात पातळीचा कळस -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये.

शेवटी हक्कांचा प्रश्न. खंजिरीच्या तालावरचे भजन रॉकमध्ये बांधण्याचा मोह विदर्भातल्या बँडला होणे स्वाभाविक आहे. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क (कॉपीराइट) टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ साली झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरील अधिकार २०२८ अखेरपर्यंत लागू राहतो. अमरावतीच्या सुरेश भटांच्या गझलांसाठी हा हिशेब २०६३ पर्यंत जातो. परवानगी लेखी आणि मुद्रणापूर्वी घ्यावी. ती मिळत नसेल, तर बँडमधल्याच कोणाचे तरी शब्द गावेत.