जुनी कॅम्परव्हॅन घेताना काय तपासावे

जुनी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, पाहायला जाताना सर्वप्रथम ओल शोधावी, कारण इंजिनाची दुरुस्ती कोणत्याही गॅरेजमध्ये होऊ शकते, पण आतून कुजलेली लाकडी चौकट बदलायची म्हणजे निम्मी गाडी उसवावी लागते. छतावरील झरोक्यांभोवतीचा भाग, खिडक्यांच्या कडा आणि कपाटांचे आतले कोपरे हाताने दाबून पाहावेत. पृष्ठभाग मऊ लागला, डाग दिसले किंवा कुबट वास आला, तर पाणी बऱ्याच काळापासून मुरत असावे. आतल्या भिंतींना नुकताच दिलेला रंग आणि दरवळणारा सुगंधी फवारा यांच्याकडे मी तरी संशयानेच पाहतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे; विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर काही दोष सहज लपतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नये, कारण या गाड्या महिनोन्महिने उभ्या राहतात आणि रबर वयानेच कडक होऊन तडकते. टायरच्या बाजूवरील तारखेच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे २३१९ असलेला टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला असतो.

आतील दिव्यांसाठीची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास विनावापर राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गॅसची जोडणी मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्यावी. कागदपत्रांत चासी क्रमांकाबरोबर कमाल अनुज्ञेय वजनही पाहावे, कारण पाणी, सामान आणि माणसे धरली की ती मर्यादा नकळत ओलांडली जाते.