आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात बसताय? बोलण्यातल्या या चुका टाळा

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात माझी बरीच वर्षं गेली. आता विदर्भातल्या तालुक्यांत अशाच कार्यालयांतल्या पोरांना ऐकायचं कसं आणि बोलायचं कसं, हे शिकवतो. स्वीय सहायक असो, टेबलावर बसणारा कार्यकर्ता असो की रात्री फोन उचलणारा, चुका बहुतेक त्याच असतात. त्यातली पहिली सगळ्यात महाग पडते.

"होऊन जाईल, आजी"

हे वाक्य मी स्वतः कितीदा बोललो असेन. एक म्हातारी निराधारच्या पगारासाठी यायची. तीन महिन्यांपासून पैसे जमा नव्हते. मी दोनदा "तहसीलमध्ये सांगतो, होऊन जाईल" म्हणालो आणि खरंच फोनही केला. तिच्या गावाला एसटी नव्हती, काळीपिवळीनं यावं लागे. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "बाबू, आता भाड्याले पैसे नाही राह्यले." तेव्हा कुठं मी तिचं पासबुक मागितलं. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान आता डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट आधार जोडलेल्या खात्यात जातं. तिच्या खात्याला आधार जोडलेलंच नव्हतं. काम बँकेत अडलं होतं आणि मी फोन तहसीलला लावत होतो. पहिल्याच दिवशी पासबुक पाहिलं असतं तर तिच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

उत्तरात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: काम कुठं अडलं, पुढचं पाऊल कोणी टाकायचं आणि पुन्हा बोलणं कधी. म्हणजे असं: "आजी, तुमच्या खात्याले आधार लागलं नाही. बँकेत काय मागायचं ते या चिठ्ठीवर लिहून देतो. मंगळवारी मीच फोन करतो, तुम्ही येऊ नका." यातलं "तुम्ही येऊ नका" हे पोरांच्या तोंडी बसायला वेळ लागतो. कार्यालयात गर्दी दिसली पाहिजे, अशी सवय सगळ्यांनाच लागलेली असते.

कधी कधी उत्तर "नाही" असतं. घरकुलाच्या यादीत नाव नसेल तर ते तिथंच सांगा, नाव येण्यासाठी काय करावं लागतं तेही सांगा. माणूस रागावून जाईल. पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत चार दिवसांची मजुरी बुडवून तो तुमच्या दारात बसणार नाही.

"कोणाचे तुम्ही?"

तुमच्याकडे येणारे लोक अडचण सांगायच्या आधी "मी अमक्या भाऊचा माणूस" असं म्हणत असतील, तर दोष त्यांचा नाही. तुमच्या कार्यालयात पहिला प्रश्न गावाचा, गटाचा किंवा बूथचा विचारला जातो आणि ते गावात कळलेलं आहे. मग विरोधी गटातला शेतकरी येतच नाही, आला तर खोटं सांगतो. आमदार निवडून आला की तो साऱ्या मतदारसंघाचा असतो, त्याला मत न देणाऱ्याचाही. पहिलं वाक्य "बसा, पाणी घ्या, काय झालं?" एवढंच ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्या दिवसांत पाणी आधी आणि प्रश्न नंतर. गावाचं नाव नोंदवहीत लिहायचंच असतं, ते शेवटी विचारा.

गेल्या वर्षीची माहिती यंदा

यानं शेतकऱ्याचं थेट नुकसान होतं. 2023 च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. 2025 च्या खरिपात तो बंद झाला आणि शेतकऱ्याचा हिस्सा परत लागू झाला: खरीप पिकांना विमा रकमेच्या 2 टक्के, कापसासारख्या नगदी पिकांना 5 टक्के. त्याच वेळी भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे नमुन्याच्या शेतांतलं पीक कापून मोजलेल्या, उत्पादनावर ठरवण्याची पद्धत आली. त्याआधी स्थानिक आपत्तीत नुकसान झालं की 72 तासांत कळवावं लागे. नियम बदलल्यावरही "72 तासांत फोटो टाका, विमा भेटते" असं सांगणारी पोरं मी पाहिली. आत्मविश्वासानं दिलेली चुकीची माहिती खरी मानली जाते, कारण ती साहेबांच्या कार्यालयातून आलेली असते. उपाय साधा आहे. दर सोमवारी तालुका कृषी कार्यालयाला विचारून एक कागद भिंतीवर लावा, वर तारीख टाका. कागदावर नसेल ते "विचारून सांगतो" म्हणा, आणि खरंच विचारा.

रात्रीचा फोन

इथं चूक दोन्ही बाजूंनी होते. एक म्हणतो, "साहेब झोपले, सकाळी करा." दुसरा म्हणतो, "काळजी करू नका, साहेब डॉक्टरांशी बोलतील," आणि विसरतो. रात्री फोन करणाऱ्याला धीर हवा असतो, पण त्याआधी रस्ता हवा असतो. पेशंट कुठं आहे, 108 ला लावलं का, दवाखाना कोणता, नाव आणि वय काय, हे शांतपणे विचारा आणि लिहून घ्या. मोठ्या दवाखान्यात नेलं असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा. आजार मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, ते तोच पाहतो. धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथं 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात, हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

सगळ्यात अवघड फोन साप चावून किंवा वीज पडून माणूस गेल्याचा. पोरं गप्प होतात, "वाईट झालं" म्हणून फोन ठेवतात. घरचे रात्रीतून किंवा पहाटे अंत्यविधी उरकतात. पुढं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज भरायला बसलं की पोस्टमॉर्टेमचा कागद नसतो. 2 लाखांची मदत तिथं अडते आणि बाई लेकरं घेऊन चकरा मारत राहते. म्हणून ते बोलायला शिकलंच पाहिजे. मी पोरांकडून हे वाक्य मोठ्यानं म्हणवून घेतो, आवाज कापायचा थांबेपर्यंत: "भाऊ, या वेळी बोलू नये, पण बोलतो. पोलीस पाटलाला आत्ता सांगा. पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. मागं लेकरं आहेत." दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या घरी गेलंच पाहिजे, आणि जाताना सोबत फोटो काढणारा नेऊ नये.

तहसीलशी बोलताना

आवाज चढवून काम होत नाही, झालं तर एकदाच होतं. अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादीत घातलेली सेवा असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं मुदत ठरलेली आहे. अर्जाची पोच मागा, मुदत विचारा, उलटली तर अपील करता येतं हे अर्जदाराला सांगा. "योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढंच लिहिलेलं शिफारसपत्र फाइलीत झोपतं. जमिनीचा गट क्रमांक, अर्जाची तारीख आणि नेमकं काय हवं ते लिहा. जावक क्रमांक टाकलेली प्रत अर्जदाराच्या हातात द्या.

बोलीचा प्रश्न

नागपूरला एक शिबिर करून आलेली पोरं "आपला अर्ज प्रलंबित आहे" असं बोलायला लागतात. "अर्ज अडून आहे" म्हणा की! वऱ्हाडी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, साधी मराठी चालते. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू आणि गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया बोलणारं एक तरी माणूस कार्यालयात बसवा. आणि समोरचा "हो, हो" म्हणाला म्हणजे समजलं, असं धरू नका. "आता बँकेत जाऊन काय सांगाल?" असं विचारा. उत्तर आलं तरच समजलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी हॉल घेऊन पडद्यावर हास्याचं आणि हस्तांदोलनाचं महत्त्व दाखवायचं, याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. मी त्यांच्याच कार्यालयात बसतो आणि गेल्या महिन्याची नोंदवही उघडायला लावतो. एकाच कामासाठी ज्याचं नाव तीनदा आलं, त्याच्याभोवती लाल पेनानं गोल करायचा. मग एकानं तो माणूस व्हायचं आणि तीन मिनिटं न थांबता, त्याच्या बोलीत, अडचण सांगायची. दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं आणि ऐकलेलं परत सांगायचं. तीन मिनिटं गप्प बसणं किती कठीण जातं, ते पहिल्या फेरीतच दिसतं. त्यानंतर गोल केलेल्या पहिल्या नावाला, सगळ्यांसमोर, तिथूनच फोन लावायचा.