हजार फेऱ्या, वीस मुलांची नववी

किलोमीटर मोजत धावून किंवा चालून गावातल्या मुलांच्या शाळेसाठी वर्गणी जमवायची असेल, तर सुरुवात इथून करा. "गरीब मुलांसाठी धावतो आहे, मदत करा" एवढ्यावर गावात कोणी खिशात हात घालत नाही. "नववीत जाणाऱ्या वीस मुलांची पुस्तकं, वह्या आणि बूट, एकूण ३३,००० रुपये" असं सांगितलं की माणूस थांबून विचारतो, कोणाची मुलं, कधी द्यायचे. म्हणून आधी गरज ठरवा, मग रक्कम, आणि किती किलोमीटर धावायचं ते सगळ्यात शेवटी.

नववीच का, तर सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं पहिली ते आठवीपर्यंत मोफत मिळतात. नववीला ते थांबतं, आणि नेमकं त्याच वर्षी अनेक खेड्यांतली शाळा संपून तालुक्याची शाळा सुरू होते. शाळा सुटते ती बहुधा इथेच. जे सरकारकडून मिळतंच त्यासाठी वर्गणी मागू नका. मुलींचा एसटी पास बारावीपर्यंत मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींना सायकलीसाठीही मदत मिळते. मुख्याध्यापकांजवळ अर्धा तास बसा आणि काय येतं, काय येत नाही, याची यादी करून घ्या.

हिशोब असा मांडा. समजा एका मुलाचा पुस्तकसंच ६०० रुपये, बारा मोठ्या वह्या ४० रुपयांप्रमाणे ४८०, बूट-मोजे ४२०. झाले १,५००. वीस मुलांचे ३०,०००. त्यावर भाववाढीसाठी दहा टक्के धरा, कारण पैसे जानेवारीत जमतील आणि खरेदी जूनमध्ये होईल. तुमच्या तालुक्याच्या दुकानातला खरा भाव कागदावर लिहून आणा, अंदाजाने आकडा सांगू नका.

वेळ कोणती

मार्चनंतर विदर्भात असलं काही काढूच नये. ऑक्टोबरही तापलेला असतो, आणि तेव्हा लोक सोयाबीनच्या सोंगणीत असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सराव सुरू करा, २८ डिसेंबर ते २६ जानेवारी हे तीस दिवस मुख्य उपक्रमाचे ठेवा. तोवर कापूस विकला जाऊन चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हातात आलेला असतो. शेवटच्या फेऱ्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्याच मैदानावर मारा. गाव तिथे तसंही जमलेलं असतं, वेगळा कार्यक्रम, मंडप, हार काही लागत नाही. त्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया वह्यांमधून जातो.

अंतर आणि मैदान

तीस दिवसांत २०० किलोमीटर हे लक्ष्य साध्या तब्येतीच्या माणसाला आठ आठवड्यांच्या सरावाने झेपतं. पंचवीस दिवस रोज ८ किलोमीटर, पाच दिवस पूर्ण विश्रांती. धावलंच पाहिजे असं नाही. झपझप चाललं तर ८ किलोमीटरला साधारण दीड तास लागतो.

रस्त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं. जानेवारीच्या पहाटे धुकं असतं, कापूस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला आणि बैलबंडीला मागे दिवा नसतो. चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटात जंगलाला लागून गाव असेल तर उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर पांदण रस्त्याने अजिबात जाऊ नका. वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या भागात याला दुसरा पर्याय नाही. शिवाय मैदानावर लोकांना फेऱ्या दिसतात, आणि ज्याला दिसतं तो पैसे देतो.

मैदान मोजायला महागडं घड्याळ लागत नाही. साध्या सायकलच्या पुढच्या टायरवर खडूने खूण करा, सायकल ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा घ्या आणि तेवढी जमीन टेपने मोजा. ते माप २.२ मीटर आलं तर चाकाच्या ९१ फेऱ्यांत २०० मीटर होतात. एवढ्या लांबीचा गोल चुन्याने आखा, तीच तुमची एक फेरी. पाच फेऱ्यांचा एक किलोमीटर, रोज चाळीस, पंचवीस दिवसांत हजार. डाव्या खिशात चाळीस चिंचोके घ्या. प्रत्येक फेरीला एक उजव्या खिशात टाका. दमल्यावर आकडा हमखास चुकतो, चिंचोका चुकत नाही. वीस फेऱ्यांनंतर दिशा बदला. सतत एकाच बाजूला वळत राहिलं तर गुडघ्यावर आणि खुब्यावर ताण येतो.

रोज एक साक्षीदार हवा. गावातलाच, पण घरचा नको. तारीख, फेऱ्या आणि सही, एवढं एका वहीत.

सराव

पहिले दोन आठवडे रोज ३ किलोमीटर नुसतं चालणं, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४ किलोमीटर, त्यात दोन मिनिटं हळू धावणं आणि तीन मिनिटं चालणं आलटून पालटून. पाचव्या-सहाव्यात साडेपाच, सातव्यात सात. आठव्या आठवड्यात पुन्हा चारवर या, म्हणजे पाय ताजे राहून मुख्य दिवस सुरू होतील. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे.

बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात. गाव टाळ्या वाजवतं, माणूस आठाऐवजी पंधरा किलोमीटर करतो, आणि पाचव्या दिवशी नडगीचं हाड ठणकू लागतं. नडगीवर बोट दाबून एकाच जागी कळ येत असेल तर थांबा आणि डॉक्टरला दाखवा, तसंच रेटलं तर हाडाला बारीक तडा जातो. दुसरी चूक म्हणजे २८ तारखेला नवे बूट घालणं. बूट सरावातच मुरवून घ्या, मोजे रोज धुतलेले आणि कोरडे घाला, नाहीतर फोड येतात. आणि दिवसभर कापूस वेचून किंवा ओलित करून आलेल्या माणसाने तेही काम श्रमात धरावं. अशा दिवशी संध्याकाळी नुसतं चाला.

निघण्याआधी एखादं केळ किंवा दोन-चार खजूर. परतल्यावर भाकर, वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे. घाम खूप गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा.

एक गोष्ट विदर्भात कोणीच टाळू नये, ती म्हणजे सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रुग्णाला जास्त श्रम, थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं यामुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. नुसता वाहक असलेल्याला एरवी काही जाणवत नाही, पण पाणी न पिता एकदम जोर लावून धावणं त्यालाही धोक्याचं आहे. अशा माणसाने चालण्याचं लक्ष्य घ्यावं, तेही डॉक्टरांना विचारून. रक्तदाब, साखर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल त्यांनीही तसंच.

पैसे

स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. सार्वजनिक कामासाठी वर्गणी जमवायला, नोंदणीकृत संस्था नसेल तर, धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं कलम ४१ (क) खाली घेतात तीच. त्यापेक्षा सोपं म्हणजे माध्यमिक शाळा चालवणारी नोंदणीकृत शिक्षण संस्था गाठणं. ही रक्कम फक्त या वीस मुलांच्या साहित्यासाठी वापरू, उरली तर पुढच्या वर्षीच्या नववीला देऊ, असं संस्थेकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या. क्यूआर कोड संस्थेचा, पावतीपुस्तक वेगळं आणि क्रमांकाचं. रोख आली तर दोघांनी मोजून पुढच्याच कामाच्या दिवशी बँकेत भरा. देणगीवरची आयकर सवलत (८०-जी) फक्त नोकरदार दात्यांना सांगण्यापुरती. संस्थेकडे ती नोंदणी असेल आणि दाता जुन्या करप्रणालीत असेल तरच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर मिळत नाही.

मागताना दोन वाटा ठेवा. पंचवीस जण दोन रुपये किलोमीटरने म्हणजे प्रत्येकी ४००, आठ जण पाच रुपयांनी म्हणजे प्रत्येकी १,०००, आणि तीस जण सरसकट ५००. बेरीज ३३,०००. किलोमीटरवर शब्द देणाऱ्याला शेवटचा आकडा आधीच सांगा, नाहीतर "दोन रुपये" म्हटलेला माणूस चारशे ऐकून गडबडतो. दुखापतीने मध्येच थांबावं लागलं तर झालेल्या किलोमीटरचेच पैसे, हेही तेव्हाच बोलून घ्या. पुण्या-नागपुरात नोकरीला असलेली गावची पोरं, कृषी केंद्रवाले, शिक्षक, निवृत्त मंडळी यांना आधी भेटा किंवा फोन करा. नुसता मेसेज टाकून काम होत नाही. मेसेज पाठवायचाच तर असा: "दादा, २८ डिसेंबरपासून शाळेच्या मैदानावर २०० किलोमीटर चालतो आहे. गावातली वीस मुलं जूनमध्ये नववीत जातील, त्यांची पुस्तकं-वह्या-बूट घ्यायचे आहेत. दोन रुपये किलोमीटरने तुमचे ४०० होतील. पैसे संस्थेच्या खात्यात, पावती मिळेल. तुमचं नाव लिहू का?"

शब्द मिळालेले पैसे २६ जानेवारीनंतर आठ दिवसांत गोळा करा. उशीर झाला की तुरीच्या धावपळीत राहून जातात.

जूनमध्ये

विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात. बुटांचं माप जानेवारीत घेऊ नका, या वयात पाच महिन्यांत पाय वाढतो. जूनच्या मध्यावर प्रत्येक मुलाला वर्तमानपत्रावर अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलं आखा, पुढे एक बोट जागा सोडून कापून घ्या आणि मागे एक आकडा टाका, नाव नको. ते कागद दुकानात नेऊन बुटात घालून पाहा. नंबर विचारून आणलेल्या बुटांत काही जोड परत करावे लागतात.

वाटप रांगेत उभं करून, पाहुण्यांच्या हातून, फोटो काढत करू नका. पिशवी पालकसभेत पालकाच्या हाती द्या. वडील गेलेल्या किंवा आत्महत्या झालेल्या घरातलं मूल असेल तर त्याचं नाव आणि चेहरा कुठेच येऊ देऊ नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. दात्यांना फोटो हवाच असेल तर वह्यांच्या गठ्ठ्याचा पाठवा.

जमा, खर्च, शिल्लक आणि बिलांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या फलकावर पंधरा दिवस लावा. फेऱ्यांची सह्यांची वही तिथेच खाली दोरीने बांधून ठेवा.