दातांना तारा बसवताना मुळांची झीज कशी ओळखावी

खानापूर, बैलहोंगल, चिकोडीकडील अनेक पालक मुलांच्या दातांना तारा बसवण्यासाठी दर महिन्याला बेळगावला येतात, आणि निपाणीकडील काहींना कोल्हापूर सोयीचे पडते. दात सरळ होत आहेत की नाहीत याकडे सर्वांचे लक्ष असते. मात्र हिरडीच्या आत मूळ आखूड होत आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही. ही झीज बहुधा दुखत नाही, त्यामुळे ती एक्स-रेशिवाय कळत नाही.

तारेचा दाब पडला की दाताच्या एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. दाब जास्त झाला तर तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, काही ऊती मरतात, आणि त्या साफ करायला आलेल्या पेशी मुळावरचे सिमेंटमचे आवरणही कुरतडू लागतात. दाबाला विश्रांती मिळाली की लहान खड्डे भरून येतात, पण टोकाकडून गेलेली लांबी परत मिळत नाही. वरचे पुढचे चार दात, त्यातही मधल्या दोन दातांच्या शेजारचे, सर्वांत जास्त झिजतात. सहसा ही झीज 1 ते 2 मिलिमीटरपर्यंतच असते आणि दात आयुष्यभर टिकतो. 4 मिलिमीटरपेक्षा किंवा एक तृतीयांश मुळापेक्षा जास्त झीज थोड्याच जणांत होते.

म्हणून तारा बसवण्यापूर्वीच ओपीजी (सर्व दात आणि जबडे एकत्र दाखवणारा मोठा एक्स-रे) आणि पुढच्या दातांचे लहान एक्स-रे काढून घ्यावेत, आणि मुळे आखूड, टोकदार किंवा वाकडी आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. दाताला पूर्वी मार लागला असेल तर न विचारताही सांगावे. माझी मुलगी चौथीत असताना सायकलवरून पडली होती. आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगण्याचे सुचले नाही. आठ महिन्यांनी काढलेली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा मार लागलेल्या दाताचे मूळ लिहून झिजलेल्या खडूसारखे बोथट दिसले. शेजारच्या दाताचे टोक मात्र अजून निमुळते होते.

सुरुवातीनंतर 6 ते 9 महिन्यांनी पुढच्या दातांचा एक्स-रे पुन्हा काढावा आणि आधीच्या फिल्मशेजारी ठेवून तोच दात ताडून पाहावा. झीज दिसली तर सामान्यतः 2 ते 3 महिने दाब न देता तार तशीच ठेवतात, आणि त्यानंतर उपचाराचा आराखडा पुन्हा तपासतात. आमच्या मुलीला तीन महिने थांबावे लागले. त्यानंतरच्या फिल्ममध्ये झीज पुढे सरकलेली नव्हती. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर त्यातील मुळांविषयीचा मजकूर सही करण्यापूर्वी मराठीत समजावून घ्यावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

‘लवकर घट्ट करा, लग्नाआधी दात सरळ हवेत’ असा आग्रह पालकांनी धरू नये, कारण जास्त दाब मुळाला सोसत नाही. त्याचबरोबर उपचार लांबणेही धोक्याचेच असते. खानापूरकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात किंवा ऊसतोडीच्या दिवसांत तारखा चुकतात आणि दीड वर्षाचे काम अडीच वर्षांवर जाते, तेव्हा मुळांवरचा भारही तितकाच लांबतो. नखे कुरतडण्याची सवय असेल तर तीही सोडवावी.

एक गोष्ट मात्र तारेशी संबंधित नाही. मुलाच्या नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीवर बोटाला लागला नाही तर तपासणी करून घ्यावी, कारण आत वाट चुकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ स्वतःच झिजवू शकतो.

तारा काढल्यावर झीज सहसा थांबते. तरीही मूळ आखूड झालेल्या दाताच्या हिरडीची निगा जास्त काळजीने घ्यावी, कारण दाताला खरा आधार मुळाच्या हिरडीजवळच्या, रुंद भागातल्या हाडाचा असतो. टोकाची 3 मिलिमीटर लांबी गेल्याने जेवढा आधार कमी होतो, तेवढा हिरडीच्या रोगाने तेथील सुमारे 1 मिलिमीटर हाड गेले तरी कमी होतो. सर्व फिल्म एकाच पाकिटात, तारीख लिहून जपून ठेवाव्यात आणि पुढे त्या दातावर कोणताही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवाव्यात.