गावाकडं घर बांधताय? परवानगीच्या फाइलमधल्या या चुका टाळा

गेली बरीच वर्षं तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे काढून परवानगीच्या फायली टाकायचं काम करतोय, आणि एवढ्या फायलींनंतर एक गोष्ट छातीठोक सांगतो, गावातल्या घराची परवानगी नकाशामुळं क्वचित अडकते, अडकते ती जमिनीच्या कागदामुळं. लोक येतात ते मोबाइलवर एलिव्हेशनचा फोटो घेऊन, पुढं दोन गोल खांब, वर काचेचं रेलिंग. मी विचारतो जागा कुठं आहे, तर उत्तर "आपलीच आहे की, मळ्यात". आता मळ्यात म्हणजे गावठाणाच्या आत का बाहेर, सातबारा कुणाच्या नावावर, रस्ता कुठनं येतो, हे विचारलं की समोरचा जरा नाराज होतो, कारण त्याला वाटतं मी फी वाढवायला प्रश्न काढतोय.

तर आधी जागा कुठं बसते ते बघा, खांब नंतर.

गावठाणाची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी ठरवतात आणि ती नकाशावर असते. वस्ती वाढत वाढत पार ओढ्यापर्यंत गेली म्हणून गावठाण तिथपर्यंत जात नाही. वाडीवर पन्नास घरं असली तरी ती वाडी गावठाण असेलच असं नाही. ही चूक इतकी कॉमन आहे की विचारू नका, कारण पुढचा २०० मीटरचा नियम याच हद्दीपासून मोजतात. कलम ४२ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन अकृषिक, म्हणजे शेतीऐवजी दुसऱ्या वापराची (एनए), झाली असं "मानतात" अशी तरतूद आली, आणि लोक मोजतात कुठनं, तर मारुतीच्या देवळापासनं नाहीतर शेवटच्या घरापासनं. मोबाइलच्या नकाशावर रेघ ओढून आणलेला स्क्रीनशॉट मला महिन्यातनं दोनदा तरी बघायला मिळतो. तो कुणी धरत नाही.

आणि "मानतात" म्हणजे घरी बसून होतं असं नाही. त्यासाठी भरायची रक्कम असते, कागद असतात. जमीन भोगवटादार वर्ग-२ असली, म्हणजे इनामाची, वतनाची, सिलिंगची वगैरे, तर आधी तिचा निकाल लावा, मग बाकीचं. सातबाऱ्यावर वरच्या बाजूलाच भोगवटादाराचा वर्ग लिहिलेला असतो, दोन सेकंदाचं काम, पण लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. एनएचे नियम २०१४ नंतर भराभर बदललेत, त्यामुळं चुलत्यानं पाच वर्षांपूर्वी कसं केलं ते उपयोगाचं नाही, आज काय चाललंय ते तलाठ्याला विचारा. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात तसं विचारलं तर लोक तोंडाकडं बघत बसतील.)

गावठाणाच्या लांब, निव्वळ शेतात बांधायचं असेल तर फार्महाऊसची वाट आहे, पण त्याला जमीन किमान ०.४ हेक्टर लागते, म्हणजे चाळीस आर, साधारण एक एकर. पाच गुंठ्यात फार्महाऊस होत नाही, दारावर पाटी काहीही लावा.

आठ आणि आठ-अ

हे दोन कागद सारखे वाटतात आणि दोन्ही "आठचा उतारा" म्हणूनच मागितले जातात, तिथंच घोळ होतो. आठ-अ हा महसूलचा खातेउतारा, तुमच्या नावावर गावात किती जमीन आहे ते सांगणारा. नमुना आठ हा ग्रामपंचायतीचा, घरपट्टीच्या आकारणीचा. लोक नमुना आठ फाइलला लावतात आणि म्हणतात घर माझ्या नावावर आहे की. घरपट्टी तुमच्या नावानं निघते एवढंच त्यावरनं कळतं, मालकी नाही. गावठाणातल्या जागेला बहुतेक ठिकाणी सातबारा नसतोच, तिथं मालमत्ता पत्रक लागतं. २०२० साली स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणं मोजली, ज्या गावांत काम पूर्ण झालंय तिथं मिळकत पत्रिका, म्हणजे हेच मालमत्ता पत्रक, तयार आहेत. तुमच्या गावची झाली असेल तर भूमी अभिलेखमधनं काढून घ्या, आणि घेतल्यावर तिथल्या तिथं वाचा, नाव, क्षेत्र, शेजाऱ्याची हद्द. चूक असली तर आत्ता दुरुस्त होईल, स्लॅब पडल्यावर शेजारी समजुतीनं घेत नाही.

मामाची फाइल

घरचंच उदाहरण देतो. मामाला गावात घर बांधायचं होतं, भाचाच फायली करतो म्हणल्यावर मामा निवांत. सातबारा काढला तर आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन अकरा वर्षं झालेली. मामा म्हणाले "अरे मी एकटाच मुलगा, आणखी कोण विचारणार". मी म्हणलं मामा, चार बहिणी आहेत तुम्हाला, त्यातली एक माझी आई. "त्यांनी कुठं काय मागितलंय?" मागितलं नाही म्हणून वारस म्हणून नाव लागायचं थांबत नाही. वारस नोंदीचा अर्ज टाकला, फेरफार पडला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, सगळ्यांची नावं लागली आणि मग सहहिस्सेदारांच्या संमतीचा प्रश्न आला. आईची सही काय, चहा पिता पिता झाली. थोरल्या दोघी गावातच. धाकटी मावशी सुरतेला, तिच्या पोराची बारावी, ती येणार दिवाळीत. आम्ही पावसाळ्यात फाइल टाकणार होतो ती डिसेंबरात टाकली. भांडण नाही, तंटा नाही, नुसती एक सही. तेव्हा सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर संमतीचं काम पहिल्या दिवशी हातात घ्या, आणि जमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडनं वाटपच करून घ्या, पुढं कर्ज काढताना बँक परत हेच विचारणार आहे.

एक-दोन गुंठे नोटरीवर घेतलेल्यांचं आणखी अवघड. जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला अटकाव करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, आणि नोटरीच्या कागदानं सातबाऱ्यावर नाव लागत नाही, मग परवानगी कुणाच्या नावानं मागणार? जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला सरकारनं २०२५ मध्ये वाट काढलीय, त्यात आपलं बसतंय का ते दुय्यम निबंधकाकडं (दस्त नोंदणीच्या ऑफिसात) आणि तलाठ्याकडं जाऊन बघा. ते होईपर्यंत माझ्यासारख्याला नकाशाचे पैसे देऊ नका, खरंच सांगतो.

दीड गुंठा आणि तीन गुंठे

फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं जाहीर केलं की १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला परवानगीची गरज नाही, आणि ३२०० पर्यंत ग्रामपंचायत परवानगी देईल, नगररचनाकडं जायला नको. पेपरात आलं, व्हॉट्सअॅपवर फिरलं, आणि लोकांच्या डोक्यात राहिलं ते फक्त "परवानगी लागत नाही". त्यातली पुढची ओळ कुणी वाचली नाही. १६०० च्या आत असलात तरी मालकीचे कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणं आहे असं परवानाधारक इंजिनिअरचं किंवा आर्किटेक्टचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं असतं आणि विकास शुल्क भरायचं असतं. नियमावली म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू झालेली राज्याची एकत्रित विकास नियमावली, यूडीसीपीआर. गाव आहे म्हणून ती लागू नाही असं नाही.

आता गंमत बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गावात प्लॉट पडतात ते दीड गुंठ्याचे नाहीतर तीन गुंठ्यांचे. दीड गुंठा होतो १६३३, तीन गुंठे होतात ३२६७. दोन्ही जरासेच मर्यादेच्या बाहेर! लोक म्हणतात तेहतीस फुटांनी काय होतंय, पण टेबलावरचा माणूस आकडा बघतो. त्यात आणि सातबारा आर मध्ये असतो, आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फूट, गुंठ्यापेक्षा थोडा कमी, आणि लोक दोन्ही एकच समजून हिशेब करतात. चौरस मीटरमध्ये बोला, म्हणजे घोळ होत नाही, १६०० साठी १५० आणि ३२०० साठी ३०० हे आकडे लक्षात ठेवा. आणि हे क्षेत्र भूखंडाचं आहे, घराचं नाही.

ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आणि बांधकाम परवानगी हेही एक नाही. मर्यादेच्या बाहेरच्या भूखंडाला सरपंचाच्या सहीचा दाखला फ्रेम करून लावला तरी ती परवानगी होत नाही.

मोजणी आधी, नकाशा नंतर

ज्यांनी मोजणी न करता आधी नकाशा काढून घेतला त्यातले निम्मे तरी परत नकाशा काढायला येतात. मागच्या वर्षी एकांच्या जागेवर गेलो होतो, सातबारा चार आर, माणूस बांधावर उभा राहून हातानं दाखवतोय इथनं तिथनं, बांधाच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड, त्यावर शेंदूर लावलेला. मोजणीवाले आले, मशीन लावलं, आणि खुणा पडल्या त्या दगडापासनं चांगल्या सव्वादोन मीटर आत. दगड कधीतरी नांगरटीत हलला असणार, आणि मग कुणीतरी त्याला देव केला, आता हलवणार कोण? चार आरचे ताब्यात निघाले पावणेचारच्या आत. नकाशात बाजूला सोडलेली मोकळी जागा गेली, जिना गेला, सगळं परत.

म्हणून भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, हल्ली नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत, घाई नसेल तर नियमित बास. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा, नोटीस जातेच, पण नुसत्या नोटिशीनं माणूस चिडून येतो. हाती 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, आली की मग इंजिनिअरकडं जा.

जागेवर उभं राहून बघायच्या गोष्टी

नकाशात न दिसणाऱ्या गोष्टींवर त्रुटी निघतात. वरनं विजेची तार जाते का बघा. ११ केव्हीची लाइन असेल तर घराच्या कुठल्याही भागापासून आडवं अंतर १.२ मीटर आणि उंचीत ३.७ मीटर लागतं, आणि कुठल्याही भागापासून म्हणजे भिंतीपासून नाही, बाहेर आलेल्या गॅलरीपासून, छज्जापासून. एका घराची भिंत बरोबर होती, गॅलरी तीन फूट पुढं काढलेली, तिथं तार हाताच्या अंतरावर. पुढं कपडे वाळत घालणार ना तुम्ही तिथं? अंतर बघायला टेप वर धरू नका, तारेच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करा आणि तिथनं मोजा.

राष्ट्रीय महामार्गालगत असाल तर इमारत रेषा, म्हणजे जिच्या पुढं रस्त्याकडं बांधता येत नाही ती, मोकळ्या भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर येते, डांबराच्या कडेपासून नाही. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी साधारण २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम नाहीच, दोन्हींच्या मधे असेल तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना २०१९ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगायला नको, तरी लोक "आमच्या दारात पाणी कधी आलं नाही" म्हणतातच. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब, आणि विहीर तुमचीच पाहिजे असं नाही, शेजाऱ्याची पण धरतात.

पोहोच रस्ता कागदावर पाहिजे. पायवाट, बैलगाडीची चाकोरी, "दादांनी तोंडी दिलाय", हे चालत नाही.

फाइल टाकल्यावर

पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसेल तर फाइल टाकलीच नाही असं समजा. नगररचना कायद्यात ६० दिवसांत निर्णय आला नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण ती नियमात बसणाऱ्या, पूर्ण फाइललाच, आणि दिवस मोजायला पोच लागणारच. त्रुटीपत्र आलं तर सगळ्या त्रुटी एकदम पूर्ण करून एका पत्रानं द्या, एक आज एक पुढच्या आठवड्यात असं करत बसलात तर दर वेळी फाइल ढिगाच्या खाली जाते.

परवानगीशिवाय बांधून बसला असाल आणि नोटीस आली असेल तर ती खिशात ठेवून पुढाऱ्याकडं पळू नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी रीतसर अर्ज टाकता येतो, नियमात बसणारं असेल तर दंड भरून नियमित होतं. मुदत गेली की हेच काम दहापट अवघड.

आणि परवानगी मिळाल्यावर ती कपाटात टाकू नका, तिची मुदत वर्षाची असते, वेळेत नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत जाते. जोतं झालं की तपासणी करून घ्या, मग वर चढा. इथं मिस्त्री घात करतो. मामाच्या घराचं सांगतो, मिस्त्री म्हणाला किचन एक फूट वाढवू, जागा आहे की, कोण बघतंय, आणि मामा हो म्हणून मोकळे. मी शनिवारी गेलो तर कॉलमचे खड्डे एक फूट बाहेर. मिस्त्री माझ्यावर चिडला, मामा मिस्त्रीवर, मामी दोघांवर, शेवटी खड्डे परत मागं घेतले, दीड दिवसाची मजुरी गेली. किचन आहे तेवढंच राहिलं. मामी अजून येता-जाता म्हणतात, एक फूट मोठं झालं असतं तर फ्रिज आत बसला असता.